बळीचं राज्य आणि कांद्याची पट्टी

शरद जोशी अर्थतज्ज्ञ होते की गोष्टी सांगणारे पुढारी, यावर संगमनेरातल्या एका घरात दर भाऊबीजेला वाद होतो. भाऊ निवृत्त प्राध्यापक. अर्थशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली, मी त्यांचा विद्यार्थी, म्हणून मला ते 'सर'. बहीण थोरली, ओळखीच्या सगळ्यांची अक्का. तिचं सासर तळेगाव दिघेच्या बाजूला, म्हणजे निळवंड्याच्या पाण्याची वाट बघण्यात दोन पिढ्या गेल्या त्या कोरड्या पट्ट्यात. धरणाला मंजुरी १९७० ची आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण २०२३ सालचं, यावरून काय ते समजा. अक्का १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडच्या शेतकरी महिला अधिवेशनाला गेल्या होत्या. जोशींच्या शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांच्या ट्रंकेत अजून आहे. सरांनी जोशींची एकही सभा ऐकलेली नाही, पण पुस्तकं झाडून सगळी वाचली आहेत. दोघंही वादाला सारखेच लायक.

नव्या वाचकांसाठी जोशींचं थोडक्यात सांगतो. जन्म १९३५, साताऱ्याचा. कोल्हापुरात काही काळ कॉलेजात शिकवलं, मग टपाल खात्यातली वरची नोकरी, तिथून स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघाच्या कचेरीत. ते सगळं सोडून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः कसायला लागले. मग चाकणचा कांदा, १९८० च्या २६ जानेवारीचा वांद्रे ते चाकण मोर्चा, त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातलं ऊस-कांदा आंदोलन, पुढच्या वर्षी निपाणीची तंबाखू. २०१५ च्या डिसेंबरात ते गेले. चाकण आणि संगमनेर एकाच पुणे-नाशिक रस्त्यावरची गावं, त्यामुळे हा माणूस आम्हाला कधी लांबचा वाटला नाही.

त्यांच्या एका हातात उत्पादनखर्चाचे तक्ते असत आणि दुसऱ्या हातात बळी, सीता, लक्ष्मी. १९९१ साली शेगावला त्यांनी शेतीचा चार कलमी कार्यक्रम मांडला, त्याचं नाव चतुरंग शेती. कलमांची नावं सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. सीतेपासून निघून निर्यातीपर्यंत एका दमात पोचणारा दुसरा अर्थतज्ज्ञ माझ्या वाचनात नाही. सरांचा नेमका यालाच आक्षेप आहे.

सर : बळीराजा कोणत्या शतकात होता ते आधी सांग. त्याच्या राज्यात बाजरी काय भावानं जायची, शेतसारा किती होता, कर्जाला व्याज काय? यातलं काहीच ठाऊक नसताना बळीचं राज्य येवो हे धोरण कसं होतं? पाडव्याला ओवाळताना म्हणायला ठीक आहे.

अक्का : आणि तुझ्या पुस्तकातला तो गडी? सगळ्या बाजारांतले सगळे भाव ज्याला ठाऊक, सकाळी उठल्यापासून जो फक्त स्वतःचा फायदा मोजतो, ज्याला आई नाही, बाप नाही, गुडघेदुखी नाही. तो कोणत्या शतकातला? मला एकदा त्याचं गाव दाखव.

सर : ते प्रतिमान आहे, अक्का. ते खोटं आहे हे आम्हालाही माहीत असतं. त्यावरून बांधलेला अंदाज चुकला की आम्ही ते बदलतो. बळी कुणी बदललाय आजवर?

अक्का : फुल्यांनी बदलला.

इथे सरांना थोडं थांबावं लागलं, कारण हे खरं आहे. पुराणात बळी दानशूर असला तरी असुर, आणि वामनानं त्याला पाताळात घातलं ते योग्यच झालं अशी त्या गोष्टीची चाल. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त ती चाल उलटवली. वामन हा बाहेरून आलेला कपटी, बळी हा कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, आणि आपल्या बांधावर शेंदूर लावून बसलेला म्हसोबा, जेजुरीचा खंडोबा हे त्या राज्याचे अधिकारी.

सर : इतिहास म्हणून ते टिकत नाही.

अक्का : नको टिकू दे. म्हसोबाला नारळ फोडणाऱ्या माणसाला कळलं ना, की जमीन आपली आहे आणि सारा घेणारा दुसरा कुणी आहे?

मी : आणि सर, त्याच फुल्यांनी दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात बांध घाला, पाणी अडवा, जनावरांच्या चांगल्या जाती आणा, शेतकऱ्याच्या पोरांना शेतीचं शिक्षण द्या, हे सगळं आहे. गोष्ट सांगणारा माणूस हिशोबात कच्चा असतो असं नाही.

सर : मी तसं म्हणतच नाही. माझं म्हणणं एवढंच की हिशोबाला गोष्टीची गरज नव्हती. बांध घातला की पाणी अडतं, वामन वाईट असो की चांगला. आपल्या शेजारचंच बघा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या मदतीला धनंजयराव गाडगीळ आले. एवढे मोठे अर्थशास्त्रज्ञ, गोखले संस्थेचे संचालक. शेतकऱ्यांच्या कारखान्याचे अध्यक्ष झाले, १९५० च्या सुमाराला पहिलं गाळप झालं. गाडगिळांनी कुठे बळीराजा सांगितला? भागभांडवल सांगितलं, कर्ज सांगितलं, यंत्रं आणली.

मी : पण गाडगिळांचंही एक स्वप्न होतं. सहकारी राष्ट्रकुल. त्या नावाचं पुस्तकच आहे त्यांचं. सगळा समाज सहकारावर उभा राहील हे काही कुठल्या तक्त्यातून निघालेलं नव्हतं.

सर : ते ध्येय होतं.

अक्का : भावाचं ते ध्येय आणि बहिणीची ती भाकडकथा होय रे?

सर हसले, पण मुद्दा सोडणारे ते नव्हेत. त्यांचा पुढचा वार जास्त खोल होता आणि माझ्या मते बराचसा बरोबरही. १९८० साली जोशी म्हणत होते, सरकारनं उसाला टनाला ३०० रुपये भाव मिळवून द्यावा. १९९१ नंतर तेच जोशी गॅट या जागतिक व्यापार कराराच्या, त्यातल्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले, सरकारनं बाजारातून बाजूला व्हावं म्हणाले. सगळे डावे आणि बरेचसे उजवे तेव्हा डंकेलच्या विरोधात होते. दोन्ही वेळा व्यासपीठावर बळीराजा तोच.

सर : म्हणजे ही गोष्ट कुठल्याही खुंटीला टांगता येते. तिकडे नागपूरला म. गो. बोकरे होते. आधी मार्क्सवादी, विद्यापीठाचे कुलगुरू झालेले, आणि १९९३ साली त्यांनी 'हिंदू इकॉनॉमिक्स' लिहिलं. त्यांनी जुन्या ग्रंथांतून वेगळीच अर्थव्यवस्था काढली. उद्या तिसरा येईल, तो आणखी काही काढील. आकडा असा वाकत नाही.

अक्का : आकडा वाकत नाही? अरे, सरकारनं गॅटला जे कागद पाठवले, त्यात शेतकऱ्याला दिलेली मदत उणे निघाली. उणे! म्हणजे देतो देतो म्हणत घेत होते. आकडे सगळे सरकारचेच होते, कपाटातच पडून होते. ते काढून गावोगाव वाचून कुणी दाखवले? तुमच्यापैकी कुणी?

सर : ते श्रेय जोशींचंच.

अक्का : मग खुंटीचं सांगते. ८० साली सरकार भाव पाडायचं म्हणून आम्ही म्हणालो भाव द्या. उसाला झोनबंदी होती, शेजारच्या कारखान्यानं जास्त देऊ केला तरी ऊस नेता यायचा नाही. पुढं म्हणालो, देऊ नका काही, फक्त पाडू नका. मागणी एकच आहे, हात खिशातनं काढा. २०२३ च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा जोशी जिवंत नव्हते, पण भाषण तेच करावं लागलं असतं.

ही बंदी पुढच्या मे महिन्यात उठली, पण ४० टक्के निर्यातशुल्क लावून. ते शुल्क पुरतं जायला एप्रिल २०२५ उजाडलं. दर वेळी कारण एकच, शहरातल्या गिऱ्हाइकाची भाजी महागते. गिऱ्हाइकाला वाचवायचं ही देखील एक गोष्टच आहे, तिच्यात कांदा पिकवणारा माणूस नसतो एवढंच.

याच ओघात मी सरांच्याच कपाटातल्या एका पुस्तकाचं नाव काढलं. चेक प्रजासत्ताकातला तोमाश सेद्लाचेक नावाचा अर्थतज्ज्ञ आहे, राष्ट्राध्यक्ष हावेल यांचा एके काळचा सल्लागार. 'इकॉनॉमिक्स ऑफ गुड अँड ईव्हिल' या पुस्तकात तो अर्थशास्त्राची सुरुवात अ‍ॅडम स्मिथपासून न करता गिल्गामेशच्या महाकाव्यापासून करतो. बायबलातल्या योसेफाच्या गोष्टीत त्याला तेजी-मंदीच्या चक्राची पहिली नोंद दिसते. फारोच्या स्वप्नात सात धष्टपुष्ट गाई येतात आणि मागून सात हडकुळ्या गाई त्यांना खाऊन टाकतात. योसेफ अर्थ लावतो, की सात वर्षं सुगीची, मग सात दुष्काळाची, तेव्हा सुगीत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरा.

अक्का : म्हणजे नाफेडचा साठवलेला कांदा.

सर : अगदी तसंच. आणि बघ, इथे पुराणकथेतून धोरण निघालं, ते मोजताही येतं. पाचवा हिस्सा. माझा अशा गोष्टीला विरोध नाही.

अक्का : पुढं काय झालं त्या गोष्टीत?

सरांना पुढचं ठाऊक होतं, पण त्यांनी चष्मा पुसायला काढला. तेव्हा मीच सांगितलं. दुष्काळ पडल्यावर लोक धान्य मागायला आले. आधी पैसे संपले, मग गुरं दिली, शेवटी जमिनी दिल्या आणि स्वतःलाही फारोचे दास म्हणून लिहून दिलं. त्यांच्याच शेतातलं धान्य त्यांना विकत मिळालं. वर कायमचा पाचव्या हिश्श्याचा कर बसला. पुरोहितांच्या जमिनी तेवढ्या सुटल्या.

अक्का : (हसत) पुरोहितांच्या सुटल्या! फुल्यांना हे कुणी सांगितलं होतं का रे?

मला वाटतं, दोघांच्या वादाची खरी फट इथे आहे. सर कथेतून सूत्र तेवढं उचलतात, अक्का कथा शेवटपर्यंत ऐकतात. राखीव साठा हे धोरण चांगलंच आहे, पण साठा कोणाच्या शेतातून आला आणि कोठाराची किल्ली कोणाकडे गेली हे विचारायचं सुचतं ते पुढची पानं वाचल्यावर.

जेवणं झाली. अक्कांनी पिशवीतून वही काढली. शाळेची दोनशे पानी, कव्हर फाटलेलं. त्यात उन्हाळी कांद्याचा हिशोब होता. रोप टाकणं, लागण, निंदणी, फवारणी, काढणी, काटणी, चाळीत भरणं, मग चाळीतून काढून निवड, म्हणजे मोठा एका बाजूला, गोल्टी एका बाजूला, जोड आणि सडका बाहेर. प्रत्येक कामासमोर तारीख, बायका किती, हजेरी किती, रुपये किती. त्या बायकांच्या यादीत दर ओळीला शेवटचं नाव अक्कांचं स्वतःचं आणि त्यापुढचा रुपयांचा रकाना कोरा. वहीच्या मागच्या पानांत पट्ट्या टाचलेल्या, हमाली, तोलाई, भाडं वजा जाता हाती आलेली रक्कम. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळं वजा जाता दोन रुपये उरले होते आणि त्याचा धनादेशही पुढच्या तारखेचा मिळाला होता. ती बातमी कापून अक्कांनी त्याच पानांत ठेवली आहे.

सर : हे बघ, हा कोरा रकाना आम्ही भरलेला आहे. कृषी मूल्य आयोगाची पद्धत सांगतो. रोख खर्च तो ए-२. त्यात घरच्या माणसांच्या कामाची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरलं की सी-२. स्वामिनाथन आयोगाचा दीडपट भाव या सी-२ वर मागतात, सरकारनं २०१८ मध्ये जाहीर केला तो ए-२ अधिक एफएलवर. भांडण त्याचं आहे. आणि घरच्या मजुरीची किंमत धरायची कल्पना १९५४-५५ च्या फार्म मॅनेजमेंट पाहण्यांपासूनची आहे. तेव्हा तुझे जोशी कॉलेजात होते. सीता लागली नाही त्याला.

अक्का : कांद्याला आहे का हा भाव?

सर : नाही. हमीभाव २३ पिकांना. कांदा त्यात नाही.

अक्का : बरं. ज्या पिकांना आहे, त्यात धरलेली ती घरची मजुरी कुणाच्या हातात पडते?

सर : कुटुंबाच्या.

अक्का : म्हणजे कुणाच्या? पट्टी कुणाच्या नावावर फाटते?

आता चांदवडचा विषय निघणार हे मला ठाऊक होतं. लाखाच्या वर बायका त्या अधिवेशनाला आल्या होत्या, भाकरी बांधून, पोरं काखोटीला मारून. शेतकऱ्याचं शोषण शहर करतं हे जोशी सांगतच होते. चांदवडला प्रश्न उलटा घरात आला, की शेतकऱ्याच्या घरातलं शोषण कोण करतं. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्ती आली. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला तुकडा राजीखुशीनं बायकोच्या नावे करायचा. गावातल्या शंभर जणांनी असं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. जोशी तिथे सातबाऱ्यांचे उतारे वाटायला यायचे. मांडणी साधी होती. दारात लक्ष्मी येत नाही म्हणून रडता आणि घरातल्या लक्ष्मीला दासी करून ठेवता, तर ती यावी कशी? आणि सीता त्यांनी सोडवून घेतली ती रामायणाच्या उत्तरकांडातून. रामासारख्या राजानं टाकल्यावर सीतेची ती गत झाली, तर तुमच्या-आमच्या लेकी-बाळींना जमिनीचा आधार नको का? यवतमाळ जिल्ह्यात रावेरी गावी सीतेचं एकटीचं मंदिर आहे, शेजारी राम नाही. टाकलेल्या सीतेनं तिथे पसाभर गहू मागितले, गावानं दिले नाहीत, तेव्हा इथे गहू पिकणार नाही असा तिनं शाप दिला, अशी तिथली आख्यायिका. उतारवयात जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार हाती घेतला.

अक्का : आमच्या ह्यांनी माझ्या नावावर जमीन केली ती सभा ऐकून. तलाठ्यानं विचारलं, बाईच्या नावावर कशाला? हे म्हणाले, शरद जोशींनी सांगितलंय, उद्या मी रामासारखा वागलो तर. तलाठी बघतच राहिला. तुझ्या ५४ सालच्या पाहणीनं मजुरी कागदावर धरली, बाबा, मान्य. पण ती वाचून एका तरी नवऱ्यानं सातबारा बदलला का?

सरांनी यावर लगेच उत्तर दिलं नाही. नंतर जे दिलं ते त्यांच्या बाजूनं सगळ्यात जोरकस होतं.

सर : राजीखुशीवर हक्क उभे राहत नाहीत. नवरा भला निघाला म्हणून तुला जमीन मिळाली. तो भला नसता तर? त्याला कायदाच लागतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, मग १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना जन्मानं वाटा दिला, २००५ मध्ये तोच देशभर झाला. कायदा रामाची गोष्ट सांगत बसत नाही. मुलगी आहे, वाटा आहे, संपलं.

अक्का : झाला ना कायदा? मग आपले अण्णा गेले त्याच्या नंतर. प्रवरेच्या काठची जमीन, बारमाही पाणी. मला वाटा किती आला?

खोलीत एकदम कोणी बोललं नाही. अक्कांनी सही केलेलं हक्कसोडपत्र नोंदवायला सर स्वतः गेले होते, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. भावांना वाटा मागितला की माहेर तुटतं, ही गोष्ट कुठल्या पुराणात नाही, पण नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक वाड्या-वस्तीवर ती पाठ आहे. दर भाऊबीजेच्या ओवाळणीत तिचं पारायण होतं. सहनिबंधकाच्या कचेरीत बहिणींच्या सह्यांची रांग लागते ती तिच्यापायीच, त्यात जबरदस्ती फारशी लागतही नाही. आकड्यांत हे दिसतं ते केवळ स्त्रियांच्या नावावरच्या जमिनीचं कमी प्रमाण म्हणून. का, ते तिथे लिहिलेलं नसतं.

सर : तू आपण होऊन सोडलास तो.

अक्का : हो, आपण होऊन. तेच सांगतेय. कायदा तुझ्या बाजूनं बोलला आणि गोष्टीनं माझा हात धरून सही घेतली. मग अर्थशास्त्रात गोष्ट नको कशी म्हणतोस? ती तर आधीपासून आत बसलेली आहे.

मी : पण अक्का, लक्ष्मीमुक्ती बायकोसाठी होती. बहिणीचा वाटा तीतही नव्हता.

अक्का : नव्हता. आता तू पण सरांच्या बाजूनं का?

बाजूचं नाही, पण जोशींच्या गोष्टीतही कोण सुटलं हे विचारायलाच हवं. संगमनेरात ते विचारणं सोपं आहे, कारण हे बिडीचं गाव. सरांच्या मागच्याच गल्लीत ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतील. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार बिड्यांवर. वळलेल्या मालातून छाट निघाली की ती मेहनत गेली.

सर : निपाणीचं घे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगलोर रस्ता अडवून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ माणसं गेली. त्यांचा लढा न्याय्य होता. पण तंबाखूचा भाव वाढला तर या मागच्या गल्लीतल्या बाईची हजारामागची मजुरी वाढते का? तुझ्या बळीच्या राज्यात हिच्या नावावर काय आहे? शेत नाही, सातबारा नाही, ओवाळायला बळीही नाही. तुझ्या चाळीत कांदा निवडणाऱ्या बायकांचंही तेच. त्या वहीत त्यांची हजेरी आहे, पण कांदा वधारला तर त्यांची हजेरी वाढते का?

अक्का : जोशी म्हणायचे, शेतीला भाव मिळाला की मजुरालाही मिळेल.

सर : मिळाला का?

अक्का : थोडा. (जरा थांबून) भाव येतो तेव्हा आपण आधी कर्ज फेडतो.

सर : म्हणून मला आंबेडकर जवळचे वाटतात. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिलेला माणूस, चलनाचा भाव बदलला की मजुराच्या ताटात काय कमी होतं ते बघणारा. तोच माणूस १९३६ मध्ये जातीवर लिहिताना सांगतो, की ही कामांची वाटणी असती तर चाललं असतं, ही काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. ही अर्थशास्त्रज्ञाची नजर. त्यांनी जुनी गोष्ट दुरुस्त करून वापरायला घेतली नाही. तिचा खर्च कोणाच्या माथी पडतो तो काढला आणि ती नाकारली. आपल्या कॉलेजात रावसाहेब कसबे होते, आंबेडकर आणि मार्क्स यांवर त्यांनी याच गावात राहून विचार केला. त्यांच्या वर्गातून पोरं बाहेर येत तेव्हा देवळासमोर जरा विचारात पडलेली असत.

मी : पण मग आंबेडकरांनीही अर्थशास्त्र, धर्म आणि पुराण एकत्रच पाहिलं की.

सर : तपासायला पाहिलं. जोशींनी सांगायला पाहिलं.

अक्का : तपासल्यावर नवीन काही सांगावं लागलं नाही त्यांना? शेवटी बुद्ध सांगितलाच ना?

सर म्हणाले, हे पुढच्या भाऊबीजेला. मला वाटतं ते टाळणं होतं. त्यांच्या वर्गात आम्ही असं टाळलं असतं तर चाललं नसतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर जोशी बळीवर कच्चे आणि सीतेवर पक्के. बळीच्या गोष्टीत सगळा दोष वामनावर जातो, आणि वामन कायम बाहेरचा असतो, कधी दिल्ली, कधी शहर, कधी व्यापारी. ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरात बघावं लागत नाही, म्हणून टाळ्याही जास्त पडतात. सीतेच्या गोष्टीत ऐकणाराच आरोपी आहे. भर सभेत पुरुषांना ती गोष्ट सांगून, त्यांच्याच हातानं सातबाऱ्यावर सही करवून घेणं हे कुठल्याही सिद्धान्तापेक्षा अवघड काम होतं. आणि त्याचा पुरावा भाषणात शोधावा लागत नाही, तलाठ्याकडे मिळतो.

निघायच्या आधी अक्कांनी वही पुन्हा सरांपुढे सरकवली. म्हणाल्या, एवढं शिकलायस तर तो कोरा रकाना भरून दे. सरांनी पेन घेतलं आणि पहिलीच अडचण आली.

सर : बाईची हजेरी धरू की गड्याची?

अक्का : तूच ठरव. काटणी बाईची. पण बी कोणतं घ्यायचं, चाळ कधी फोडायची, संगमनेरला न्यायचा की लासलगावला, हे मीच ठरवते.

सर : ते व्यवस्थापन झालं. सी-३ मध्ये त्याचे दहा टक्के वेगळे धरतात.

त्यांनी गड्याची हजेरी लावली, वर दहा टक्के धरले, मग स्वतःच्या जमिनीचा खंड म्हणून आणखी एक ओळ घातली. अक्का खांद्यावरून बघत होत्या.

अक्का : हा खंड कशाचा?

सर : जमीन स्वतःची असली तरी ती दुसऱ्याला दिली असती तर जे मिळालं असतं, ते. फुकट धरायची नाही.

अक्का : मग प्रवरेकाठच्या माझ्या वाट्याचा खंड तुम्ही भाऊ दर साली कुठल्या ओळीत धरता?

सर : (पेन ठेवत) त्याला ओळ नाही, अक्का.

अक्का : आख की मग. पान मोकळंच आहे.